जगाचं हवामान गटांत कसं बसवतात? कोपेनची अक्षरं, त्यांमागची झाडं आणि न मिटलेले वाद

समताप (धागाकर्ता)

जगाच्या नकाशावर हवामानाचे रंगीत पट्टे आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेले असतात. विषुववृत्तापाशी गडद, वाळवंटांना तांबूस, ध्रुवांकडे फिके. त्या रंगांच्या मधल्या रेषा कुणी आणि कशाच्या आधारे ओढल्या, हे मात्र पुस्तकं एका ओळीत उरकतात. मला या विषयात सगळ्यात जास्त रस त्या रेषांमध्येच आहे, म्हणून हा धागा.

ध्रुवाकडे जावं तसं तापमान थोडं थोडं उतरत जातं, किनाऱ्यापासून आत जावं तसा पाऊस हळूहळू कमी होतो. मध्ये कुठे तुटक जागा नाही. मग रेषा ओढायची ती कुणीतरी ठरवूनच ओढावी लागते, आणि ठरवणाऱ्याच्या मनात एखादा प्रश्न असावा लागतो. प्राचीन ग्रीकांचा प्रश्न सूर्य किती उंच येतो हा होता. त्यावरून त्यांनी एक उष्ण, दोन समशीतोष्ण आणि दोन शीत असे पाच पट्टे केले. हिशेब निव्वळ अक्षांशांचा. १८१७ साली आलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने समताप रेषा (सारख्या सरासरी तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) काढल्या तेव्हा त्या हिशेबाचं अपुरेपण दिसलं, कारण रेषा अक्षांशांना समांतर जातच नव्हत्या. लंडन आणि लॅब्रॅडॉरचा दक्षिण किनारा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण लंडनला हिवाळ्यात बहुतेक वेळा पाऊसच पडतो आणि लॅब्रॅडॉरला समुद्र गोठतो.

व्लादिमिर कोपेनचा प्रश्न साधा होता: इथे काय उगवतं? कोपेन १८४६ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मला. घरची जमीनजुमला क्रिमियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, त्यामुळे लहानपणापासून त्याचं उत्तर रशिया ते काळा समुद्र असं जाणं-येणं होतं. त्या एका प्रवासात सूचिपर्णी जंगल संपतं, गवताळ स्टेप लागतो आणि क्रिमियाचे डोंगर ओलांडले की भूमध्य सागरी झाडी सुरू होते. पुढे त्याने डॉक्टरेट केली तीही उष्णतेचा वनस्पतींच्या वाढीवर काय परिणाम होतो यावर. १८७५ पासून तो हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत होता. १८८४ साली तापमानाच्या पट्ट्यांचा नकाशा, १९०० साली वर्गीकरणाचा आराखडा, १९१८ साली मोठी सुधारणा आणि १९३६ साली शेवटची मांडणी. पन्नासेक वर्षं हा माणूस त्याच रेषा तपासत, सरकवत राहिला. १९४० साली तो गेल्यानंतर रुडॉल्फ गायगरने १९५४ आणि १९६१ साली नकाशे सुधारले, म्हणून आज आपण कोपेन-गायगर वर्गीकरण म्हणतो.

पाच मुख्य गट त्याने वनस्पतिशास्त्रातूनच घेतले. आल्फाँस द कांडोल या स्विस शास्त्रज्ञाने १८७४ साली उष्णता आणि ओलाव्याच्या गरजेप्रमाणे वनस्पतींचे पाच गट केले होते. कोपेनने त्या पाचांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली आणि प्रत्येकाची सीमा तापमापकाच्या आणि पर्जन्यमापकाच्या आकड्यांत बसवली. सर्वांत थंड महिन्याची सरासरीसुद्धा १८ अंश सेल्सिअसच्या खाली जात नसेल तर ए. ती १८ आणि उणे ३ यांच्या मध्ये असेल तर सी. उणे ३ च्याही खाली, पण सर्वांत उबदार महिना १० च्या वर, तर डी. उबदार महिनासुद्धा १० गाठत नसेल तर ई. बी तेवढा तापमानावर नाही, कोरडेपणावर ठरतो.

यातल्या १० अंशांच्या रेषेवर थोडं थांबतो, कारण सगळ्या पद्धतीचा जीव तिथे आहे. सैबेरियातलं व्हेरखोयान्स्क घ्या. जानेवारीची सरासरी उणे ४५ च्या आसपास. इतकी थंडी ज्या गावांनी पाहिली ती जगात मोजकीच. तरी तिथे लार्चची जंगलं आहेत, कारण जुलैची सरासरी १५-१६ अंशांपर्यंत चढते. आता ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचं मॅक्वारी बेट घ्या. सर्वांत थंड महिनासुद्धा ३ अंशांच्या आसपास, म्हणजे शून्याच्या वर. पण उन्हाळ्यातही पारा सरासरी ७ च्या आगेमागेच. बेटावर एकही झाड नाही, नुसतं उंच गवत आणि रुंद पानांच्या वनस्पती. कोपेनच्या हिशेबात व्हेरखोयान्स्क वनांच्या डी गटात आणि मॅक्वारी ई गटातल्या टुंड्रात. नुसती थंडी मोजून रेषा ओढली असती तर उलट झालं असतं. झाडाला हिवाळा किती कडक यापेक्षा उन्हाळा पुरेसा उबदार आहे का याची जास्त गरज असते, हे त्या एका आकड्यात धरलं आहे.

बाकीच्या रेषांवर मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. तुम्हाला कुठली रेषा खटकते ते लिहा.


भूगोल_नवशिकी

समतापदादा, धागा वाचून बरं वाटलं. मी परीक्षेसाठी हे सगळं पाठ करतेय, पण बी गटाचं सूत्र डोक्यातच शिरत नाही. इतर गटांत सरळ तापमान बघायचं आणि बी आला की गुणाकार, बेरीज, टक्के. एवढ्या मिलिमीटरच्या खाली वाळवंट, असं सरळ का नाही ठेवलं? आणि आधी बी तपासायचा की ए?


समताप

आधी बी. ठिकाण कोरडं ठरलं की ए, सी, डी बघायची गरजच उरत नाही. (काही संशोधक त्याही आधी ई तपासतात. ध्रुवांकडे सूत्र असंही निकामी होतं, त्याचं पुढे सांगतो.)

आता सूत्र. ठरावीक मिलिमीटर का चालत नाहीत ते बघ. ४०० मिमी पाऊस थंड प्रदेशात जंगल पोसू शकतो आणि उष्ण प्रदेशात त्यावर खुरटं गवत कसंबसं तगतं, कारण उन्हाने पाणी उडून जातं. म्हणून पावसाची तुलना तापमानाशी करायची. वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचं. मग पाऊस कधी पडतो ते बघायचं. वर्षातला ७० टक्के किंवा जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत असेल तर २८० मिळवायचे. तेवढाच हिवाळी सहामाहीत असेल तर काही मिळवायचं नाही. दोन्हींपैकी काहीच नसेल तर १४०. येणारा आकडा हा उंबरठा. पाऊस त्याच्या खाली असेल तर बी. उंबरठ्याच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट, म्हणजे बीडब्ल्यू. निम्मा ते पूर्ण यांच्या मध्ये असेल तर स्टेप, म्हणजे बीएस. पुढचं एच (उष्ण) किंवा के (थंड) हे वार्षिक सरासरी १८ च्या वर की खाली यावरून.

आता दोन ठिकाणं कल्पून बघ. दोन्हीकडे वार्षिक सरासरी २० अंश, दोन्हीकडे वर्षाला ५०० मिमी पाऊस. पहिल्याचा पाऊस जवळजवळ सगळा हिवाळ्यात. उंबरठा २० गुणिले २०, म्हणजे ४००. पाऊस ५००, म्हणून ते कोरडं नाही, ते भूमध्य सागरी हवामानात जाईल. दुसऱ्याचा पाऊस जवळजवळ सगळा उन्हाळ्यात. उंबरठा ४०० अधिक २८०, म्हणजे ६८०. पाऊस ५००, म्हणून ते बीएस, अर्धशुष्क स्टेप. तेवढंच तापमान आणि तेवढाच पाऊस असून गट वेगळे, कारण थंडीत पडलेलं पाणी मातीत मुरतं आणि भर उन्हात पडलेल्यातलं बरंच हवेत परत जातं. हे एकदा लक्षात आलं की २८०, १४० आणि शून्य पाठ करावे लागत नाहीत.

ध्रुवांचं असं की अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉकला वार्षिक सरासरी उणे ५५ च्या आसपास आहे. २० ने गुणलं की उणे ११००. त्यात २८० मिळवले तरी उंबरठा शून्याच्या कितीतरी खाली. पाऊस उणे असू शकत नाही, तेव्हा सूत्राप्रमाणे व्होस्टॉक कधीच कोरडं ठरणार नाही, प्रत्यक्षात तिथे वर्षभरात पडणारा हिम वितळवला तर पाणी नगण्यच निघेल. अशा ठिकाणी ई हेच बरोबर उत्तर आहे.


हिरवी_पाऊलवाट

वनस्पतींच्या बाजूने थोडी भर घालते, कारण ए गटातला एक तपशील मला फार आवडतो. उष्ण गटात तीन मुख्य पोटगट: बारा महिने ओला एएफ, मोसमी एएम आणि कोरडा ऋतू असलेला एडब्ल्यू, म्हणजे सॅव्हाना. एएफची अट सोपी, कुठलाही महिना ६० मिमीच्या खाली नाही. सिंगापूर या गटातलं.

पण एएमची अट बघा. सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस किमान '१०० वजा वार्षिक पावसाचा पंचविसावा हिस्सा' इतका हवा. वर्षाला १५०० मिमी पडत असेल तर कोरड्या महिन्यात ४० मिमी लागतात. २००० पडत असेल तर २० पुरतात. आणि २५०० च्या पुढे गेलं की उत्तर शून्य, म्हणजे एखादा महिना ठणठणीत कोरडा गेला तरी ठिकाण एएमच. पश्चिम आफ्रिकेतलं कोनाक्री बघा. तिथे वर्षाला ३५०० मिमीहून जास्त पाऊस होतो आणि जानेवारी-फेब्रुवारी जवळजवळ कोरडे. तरी ते एएम. उत्तर ऑस्ट्रेलियातलं डार्विनही असंच हिवाळ्यात कोरडं, पण वार्षिक पाऊस १७०० च्या आसपास, म्हणून ते एडब्ल्यू.

यामागे अरण्याचं तर्कशास्त्र आहे. पावसाळ्यात माती इतकी भिजते की खोल मुळांची झाडं त्या साठ्यावर कोरडे महिने काढतात. साठा पुरला तर जंगल उभं राहतं, नाही पुरला तर झाडं विरळ होतात आणि मध्ये गवत घुसतं. कोपेनने मातीतलं पाणी कुठेही मोजलेलं नाही, त्याच्याकडे तसली मापंच नव्हती. महिन्याच्या सरासऱ्या आणि पाऊस एवढ्यावरून त्याने हे गाठलं. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे.


पाणलोट

आदर मलाही आहे, पण तुम्ही ज्या मातीतल्या पाण्याचा उल्लेख केलात तेच मोजायचं सोडून आडवळणाने का जायचं, हा प्रश्न १९३० च्या दशकातच विचारला गेला. विचारणारे वॉरन थॉर्नथ्वेट. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यात ते हवामानविभागाचे प्रमुख होते. त्यांची १९४८ ची मांडणी माझ्या कामात रोज लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थॉर्नथ्वेटचं म्हणणं असं की पाऊस म्हणजे नुसती जमेची बाजू. खर्चाची बाजू कुठे आहे? जमिनीवर हवं तेवढं पाणी उपलब्ध असतं, तर माती आणि झाडं मिळून महिन्याला किती पाणी हवेत सोडू शकली असती? यालाच संभाव्य बाष्पोत्सर्जन म्हणतात. ते प्रत्यक्ष बाष्पोत्सर्जन नव्हे, हवेची मागणी. वाळवंटात प्रत्यक्ष बाष्पोत्सर्जन जवळजवळ शून्य असतं, कारण उडायला पाणीच नाही, पण मागणी प्रचंड असते.

मग महिन्यागणिक खातं मांडायचं. पाऊस मागणीपेक्षा जास्त झाला तर उरलेलं पाणी मातीत जमा. मातीची क्षमता त्यांनी १०० मिमी धरली होती, ती भरली की वरचं पाणी वाहून जाणार, ती शिल्लक. पाऊस कमी पडला तर आधी मातीतलं पाणी खर्च होणार, ते संपल्यावर तूट सुरू. वर्षअखेरीला शिल्लक आणि तूट यांवरून आर्द्रता निर्देशांक काढायचा. १९४८ च्या सूत्रात तूट पूर्ण न धरता तिचे ६० टक्केच धरले आहेत, कारण एका ऋतूतली थोडी शिल्लक खोल मुळांवाटे दुसऱ्या ऋतूत कामी येते. निर्देशांक शून्याच्या वर गेला तर प्रदेश ओला, खाली गेला तर कोरडा. वर बी गटासाठी २८० आणि १४० मिळवावे लागले, तसं इथे काही मिळवावं लागत नाही. पाऊस कुठल्या ऋतूत पडला ते खात्यात आपोआप उतरतं.

पुढे थॉर्नथ्वेट न्यू जर्सीतल्या सीब्रुक फार्म्स या मोठ्या शेतीउद्योगाचे सल्लागार झाले. तिथला एक पेच वाटाण्याचा होता. सगळा वाटाणा एकदम तयार झाला तर तोडणी आणि गोठवण्याचा कारखाना दोन्हींवर ताण यायचा. रोजच्या उष्णतेची बेरीज करून कुठल्या तुकड्यात कधी पेरलं तर कधी तोडणीला येईल याचं वेळापत्रक त्यांनी बसवलं. त्यांचं हवामानशास्त्र असं शेतात आणि पाण्याच्या हिशेबात घडलेलं आहे.

त्रुटीही सांगतो. मागणी त्यांनी तापमान आणि दिवसाची लांबी एवढ्यावरूनच काढली. वारा, ऊन, हवेतली आर्द्रता त्यात नाही. त्याच १९४८ साली इंग्लंडमध्ये हॉवर्ड पेनमननी ऊर्जा आणि वारा दोन्ही धरणारं समीकरण दिलं, आणि आज जिथे मोजणी उपलब्ध आहे तिथे त्याच कुळातली समीकरणं वापरतात. पण मूळ कल्पना टिकली. पाऊस भागिले संभाव्य बाष्पोत्सर्जन, हे गुणोत्तर ०.६५ च्या खाली गेलं की कोरडवाहू प्रदेश, ही संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविषयक कामातली व्याख्या त्याच विचारावर उभी आहे.

नवशिकी, एक सावधगिरीची सूचना. थॉर्नथ्वेटनेही ए ते ई हीच अक्षरं वापरली आहेत. तिथे ए म्हणजे अतिआर्द्र आणि ई म्हणजे शुष्क. कोपेनचा ई ध्रुवीय. पेपरात कुठली पद्धत विचारली आहे ते आधी वाच.


भूगोल_नवशिकी

बापरे, हे माहीतच नव्हतं. वहीत लाल शाईने लिहून ठेवलं. खात्याची कल्पना लगेच पटली, धन्यवाद पाणलोटकाका.


मेघदर्शी

आतापर्यंत सगळे 'काय आहे' यावर बोलत आहेत. हवामानखात्यातल्या माणसाला 'का आहे' हा प्रश्न जास्त सतावतो. कोपेन आणि थॉर्नथ्वेट दोघेही परिणाम मोजतात. एखाद्या ठिकाणी उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला का, याचं उत्तर त्यांच्या अक्षरांत नाही.

दुसरी परंपरा कारणांवरून वर्गीकरण करणारी आहे. १९२८ साली स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टोर बेर्गेरोनने वायुराशींच्या आधारे हवामान मांडायची कल्पना पुढे आणली. मोठ्या सागरावर किंवा खंडावर हवा बराच काळ रेंगाळली की तिचं तापमान आणि ओलावा त्या पृष्ठभागासारखा होतो, आणि ती सरकली की हे गुण सोबत नेते. सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस अलिसोव यांनी १९३६ मध्ये याच पायावर जगाचे पट्टे पाडले. विषुववृत्तीय, उष्ण, समशीतोष्ण आणि ध्रुवीय हे चार मुख्य, जिथे वर्षभर एकाच जातीच्या हवेचं राज्य असतं. त्यांच्या मध्ये तीन संक्रमणाचे, जिथे ऋतूबरोबर हवा बदलते.

रोमचं उदाहरण घेऊ. कोपेनचा गट सीएसए, म्हणजे सौम्य हिवाळा, कोरडा आणि उष्ण उन्हाळा. हे वर्णन झालं. अलिसोवच्या पद्धतीत रोम उपोष्ण या संक्रमण पट्ट्यात येतं. उन्हाळ्यात उपोष्ण उच्चदाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, उतरणारी कोरडी हवा रोमवर येते आणि ढग बनू देत नाही. हिवाळ्यात तो पट्टा दक्षिणेला सरकतो आणि पश्चिमेकडून येणाऱ्या आवर्तांना वाट मोकळी होते. कोरड्या उन्हाळ्याचं कारण असं गटाच्या व्याख्येतच येतं. मोसमी प्रदेशांनाही हाच न्याय. विषुववृत्तीय आणि उष्ण यांच्या मधला पट्टा म्हणजे एका ऋतूत ओली हवा, दुसऱ्यात कोरडी.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. वायुराशीची सीमा रोज हलते. तापमान आणि पाऊस कुणीही मोजून सरासरी काढू शकतं, तशी 'या ठिकाणी वर्षातले किती दिवस कुठली वायुराशी होती' ही नोंद काढायला रोजचे नकाशे वाचावे लागतात. कोपेन जगभर पसरला तो या सोपेपणामुळे, आणि त्यात काही गैर नाही.

आणखी एक. पेरूची राजधानी लिमा कोपेनच्या हिशेबात बीडब्ल्यू, म्हणजे वाळवंट, कारण वर्षभरात पाऊस नावापुरता. पण तिथली हवा दमट असते, आणि कित्येक महिने आकाश खालच्या ढगांनी भरलेलं असतं. शेजारून वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहामुळे खालची हवा गार राहते, वर चढत नाही, म्हणून धुकं होतं पण पाऊस होत नाही. सहारासारखं वाळवंट आणि हे वाळवंट यांना एका रंगात रंगवणं मला पटत नाही. कोपेनलाही ते जाणवलं असावं, त्याने वारंवार धुकं पडणाऱ्या कोरड्या किनाऱ्यांसाठी 'एन' हे वेगळं अक्षर ठेवलं होतं. आजच्या बहुतेक नकाशांतून ते गळून गेलं आहे. ते परत यावं असं मला मनापासून वाटतं.


समताप

'एन'बद्दल पूर्ण सहमत.

माझा स्वतःचा आक्षेप सी गटावर आहे. फार पसरट गट आहे तो. लंडन सीएफबी (कोरडा ऋतू नाही, उन्हाळा सौम्य) आणि कोलंबियातलं बोगोटाही सहसा सीएफबीच धरतात. बोगोटा विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, पण समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटर उंच. तिथे बारा महिने सरासरी १३-१४ अंशांच्या आसपास. लंडनला जानेवारी ५-६ अंश आणि जुलै १९ च्या घरात. लंडनला हिवाळा-उन्हाळा आहे. बोगोटाला ऋतू तापमानाने ओळखताच येत नाहीत, तिथे दिवस आणि रात्र यांतला फरक वर्षभरातल्या महिन्यांच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलज्ञाने नेमकं हेच धरून उष्ण कटिबंधातले पर्वत वेगळे काढले, आणि १९६४ साली पाफेनसोबत ऋतूंवर आधारित जगाचा नकाशा केला. काही पाठ्यपुस्तकं पर्वतांसाठी एच हा वेगळा गट दाखवतात, पण तो कोपेनच्या मूळ पाच गटांतला नाही. आणि सगळे उंच प्रदेश एका एचमध्ये टाकले की त्यातून काहीच कळत नाही.

अमेरिकेचे ग्लेन ट्रेवार्था यांचाही आक्षेप सी गटाचाच. मेक्सिकोच्या आखाताचा किनारा आणि न्यूयॉर्क दोन्ही सीएफए (कोरडा ऋतू नाही, उन्हाळा उष्ण) कसे? १९६६ साली त्यांनी सुधारणा सुचवली की सर्वांत थंड महिना बघू नका, १० अंशांच्या वरचे महिने मोजा. आठ ते बारा महिने असतील तर उपोष्ण, चार ते सात असतील तर समशीतोष्ण, एक ते तीन असतील तर बोरियल, म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलांचा पट्टा. वाढीचा हंगाम थेट मोजला जातो म्हणून मध्य अक्षांशांसाठी मला ही पद्धत कोपेनपेक्षा सरस वाटते.


आकडेमोड

मी सांख्यिकीवाला, म्हणून माझी तक्रार वेगळी. सी आणि डी मधली रेषा उणे ३ वर की शून्यावर, यावर अजून एकमत नाही. कोपेनने उणे ३ घेतलं ते हिवाळ्यात जमिनीवर बर्फ टिकण्याशी जोडून. पुढे अमेरिकेत शून्य रूढ झालं. २००६ साली कॉटेक आणि सहकाऱ्यांनी काढलेला प्रसिद्ध नकाशा उणे ३ वापरतो. २००७ साली मेलबर्नच्या पील, फिनलेसन आणि मॅकमहन यांनी केलेला शून्य वापरतो. दोन्हींना 'कोपेन-गायगर' हेच नाव. वरून बघणाऱ्याला वाटतं एकाच गोष्टीचे दोन नकाशे आहेत.

मेलबर्नच्या मंडळींनी बारा हजारांहून जास्त पर्जन्य-केंद्रांचा डेटा वापरला होता. जमिनीचा वाटा त्यांच्याकडे असा निघाला: बी ३०.२ टक्के, डी २४.६, ए १९.०, सी १३.४ आणि ई १२.८. रेषा उणे ३ वर नेली असती तर सी आणि डी चे आकडे बदलले असते, पृथ्वी मात्र तीच.

माणसाने रेषा ओढण्याऐवजी डेटालाच गट पाडू द्या, असा मार्गही आहे. समूह-विश्लेषण करतात. हजारो ठिकाणांची मासिक तापमानं आणि पाऊस द्यायचा, एकमेकांसारखी ठिकाणं गणित स्वतः एकत्र आणतं. पण त्यातही किती गट हवेत हे बहुधा माणूसच सांगतो, आणि तापमानाला किती वजन नि पावसाला किती हेही. निर्णय टळत नाही, फक्त सूत्रात दडतो. कोपेनचा निर्णय निदान उघड्यावर आहे, कुणीही वाचून वाद घालू शकतं.


हिरवी_पाऊलवाट

आकडेमोड, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी धन्यवाद. वनस्पतींच्या अभ्यासकांनीही आपलं वेगळं गणित केलं आहे. लेस्ली होल्ड्रिजने १९४७ साली त्रिकोणी तक्ता मांडला, त्यात तापमान, पाऊस आणि संभाव्य बाष्पोत्सर्जनाचं गुणोत्तर या तीन बाजू. तापमान मोजताना शून्याखालचं शून्यच धरायचं, कारण गोठलेल्या झाडाला उणे ५ आणि उणे २५ मध्ये वाढीच्या दृष्टीने फरक नाही.

मला विचारायचं आहे ते बदलत्या हवामानाबद्दल. तापमान वाढतंय तर रेषाही सरकणार. नकाशावर सी झाला म्हणून झाडं लगेच बदलतात का?


समताप

नाही, आणि इथेच नकाशा वाचताना जपायला हवं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं उदाहरण बघा. १९६१ ते १९९० च्या सरासरीत तिथला जानेवारी शून्याच्या किंचित खाली होता. १९९१ ते २०२० च्या सरासरीत तो शून्याच्या जवळजवळ १ अंश वर आहे. शून्याची रेषा वापरणाऱ्याच्या नकाशावर शहर डी मधून सी मध्ये गेलं. उणे ३ वापरणाऱ्याच्या नकाशावर ते आधीपासून सी मध्येच होतं. बागेतल्या ओकांना यातलं काहीच कळलेलं नाही. शंभर वर्षं जगणारं झाड तीस वर्षांच्या सरासरीच्या मागून चालतं. आधी रोपं कुठे तगतात ते बदलतं, मोठी झाडं पुष्कळ उशिरा.

तरीही सरकणाऱ्या रेषा मोलाच्या आहेत, कारण त्या तापमान आणि पाऊस दोन्हींतला बदल एका नकाशात आणतात. २०१८ साली बेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे १ किलोमीटरच्या बारकाव्याने दोन नकाशे दिले, एक १९८० ते २०१६ चा आणि दुसरा २०७१ ते २१०० साठीच्या अंदाजाचा. एवढ्या बारकाव्यात एकाच डोंगराच्या पायथ्याचा आणि माथ्याचा गट वेगळा दिसतो.

मागे जायलाही हीच अक्षरं उपयोगी पडली. कोपेनचा जावई म्हणजे खंडवहनाचा सिद्धान्त मांडणारा आल्फ्रेड वेगेनर. दोघांनी मिळून १९२४ साली भूगर्भीय भूतकाळातल्या हवामानावर ग्रंथ लिहिला. खडकांत मिठाचे थर सापडले की तिथे कधीकाळी कोरडा प्रदेश, कोळसा सापडला की ओला आणि झाडीचा, हिमनदीने खरवडून आणलेला गाळ सापडला की बर्फाचा. असे पुरावे नकाशावर मांडून त्यांनी जुने पट्टे शोधले, आणि खंड आजच्या जागी ठेवले तर ते जुळत नाहीत हेही दाखवलं.


मेघदर्शी

या ग्रंथाचा आणखी एक धागा. हिमयुगांसाठी कुठला ऋतू निर्णायक, हा प्रश्न सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलान्कोविचला पडला होता. थंड हिवाळ्यापेक्षा गार उन्हाळा महत्त्वाचा, कारण गार उन्हाळ्यात मागच्या हिवाळ्याचा बर्फ वितळून संपत नाही, हे त्याला कोपेनने सुचवलं. वर समतापनी मॅक्वारी बेटाबद्दल जे लिहिलं आहे तेच तर्कशास्त्र, झाडांऐवजी बर्फाला लावलेलं.


भूगोल_नवशिकी

दादा, एक ठिकाण स्वतः सोडवून बघितलं, तपासून द्याल का? बॉस्टन घेतलं. जानेवारी उणे १ च्या आसपास, जुलै २३, वार्षिक सरासरी ११, पाऊस सुमारे ११०० मिमी आणि तो वर्षभर सारखा विभागलेला. आधी बी तपासला: २० गुणिले ११ म्हणजे २२०, अधिक १४०, उंबरठा ३६०. पाऊस ११००, म्हणून कोरडं नाही. थंड महिना १८ च्या खाली, म्हणून ए नाही. उबदार महिना १० च्या वर, म्हणून ई नाही. कोरडा ऋतू नाही म्हणून एफ, जुलै २२ च्या वर म्हणून शेवटी ए. पण पहिलं अक्षर दोन्ही येतंय! उणे ३ धरलं तर सीएफए, शून्य धरलं तर डीएफए. पेपरात काय लिहू?


समताप

उत्तर अगदी बरोबर आहे, आणि क्रमही. पेपरात आधी तुमच्या पुस्तकात दिलेली मर्यादा लिही आणि मग तिच्याप्रमाणे गट लिही. 'सी-डी सीमा उणे ३ अंश धरून सीएफए' एवढं लिहिलं की कुठलाही तपासनीस गुण कापू शकत नाही.

नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाकडून माझी हीच अपेक्षा आहे. खालच्या कोपऱ्यात सी-डी सीमा कुठे धरली, आकडे कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचे आणि बी आधी तपासला की ई, एवढं छापलं तर दोन नकाशे शेजारी ठेवून वाचता येतात. आता पुढचं ठिकाण म्हणून व्हेरखोयान्स्क सोडव. तिथे तुला शेवटच्या अक्षराला डी मिळायला हवा. सर्वांत थंड महिना उणे ३८ च्या खाली गेला आणि १० च्या वरचे महिने चारपेक्षा कमी असले तरच तो येतो.